वरचं बीपी, खालचं बीपी: या चुका टाळा

"वरचं १५८ आहे, पण खालचं ७८. मग ठीकच ना?" साठी ओलांडलेली माणसं हे विचारतात तेव्हा त्यांना 'हो' ऐकायचं असतं. पण हे ठीक नाही.

वरचा आकडा, म्हणजे सिस्टॉलिक, हा हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा दाब. खालचा, डायस्टॉलिक, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावतं तेव्हाचा. तरुणपणी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, लवचिक असते. रक्ताचा लोंढा आला की ती थोडी फुगते आणि मग आवळत जाऊन रक्त पुढे सारत राहते, त्यामुळे मधल्या वेळातही दाब टिकतो. वयाबरोबर ती ताठर होते. मग वरचा आकडा चढत जातो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरायला लागतो. १५८ च्या जोडीचे ७८ दिलासा देत नाहीत. दोन आकड्यांत ८० चं अंतर पडलंय, ते बहुतेक वेळा ताठरलेल्या धमन्यांमुळेच.

'खालचं महत्त्वाचं' ही समजूत लोकांनी स्वतःहून काढलेली नाही, एके काळी डॉक्टरही हेच मानत. अमेरिकेत १९९१ साली 'शेप' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात साठीपुढच्या, फक्त वरचं बीपी वाढलेल्या लोकांना औषध दिलं, तर पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. तरी 'शंभर अधिक वय, एवढं चालतं' हा हिशोब आपल्याकडे अजून चालूच आहे. तो सोडा. सत्तराव्या वर्षीही १७० हे जास्तच.

तरुणांची चूक नेमकी उलटी. पस्तिशीतल्या माणसाचं बीपी १२८/९६ येतं आणि 'वरचं तर बरोबर आहे' म्हणून विषय संपतो. या वयात अनेकदा आधी खालचंच वाढतं. त्यात वजन वाढलेलं आणि रात्री जोरात घोरणं असेल, तर घोरण्याबद्दलही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा बीपीशी जवळचा संबंध आहे.

आता मशीन. घरचं मशीन खोटं दाखवतं अशी तक्रार करण्याआधी दंडाकडे बघा. शर्टाची बाही वर गुंडाळली की तिचाच दंडावर फास बसतो. ब्लाउजची घट्ट बाहीही तेच करते. त्यापेक्षा हात बाहीतून काढा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच चढा येतो, म्हणून दंडाचा घेर टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. हात अधांतरी नको. टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या पातळीवर येईल. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा. चहा किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबा. आणि मोजताना सुनेशी किंवा फोनवर गप्पा नकोत, हे सगळ्यात जास्त मोडलं जातं.

एकाच आकड्यावर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी १३५/८५. वरचा किंवा खालचा, एक आकडा जरी रेषेच्या वर गेला तरी बीपी वाढलेलं धरायचं. ठोके अनियमित पडत असतील तर ऑटोमॅटिक मशीन फसू शकतं, तिथे डॉक्टरांकडूनच मोजून घ्या.

गोळ्यांचं थोडक्यात. आकडा १२६ आला तो गोळीमुळे. बरं झालं म्हणून ती मनाने बंद करू नका. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी चढवतात, त्या डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात. आणि सैंधव हेही मीठच! त्यातही सोडियम असतंच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णांनी परस्पर सुरू करू नये.

सगळ्यात धोक्याची चूक जुनी आहे: बीपी खूप चढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरायची. दाब एकदम कोसळतो आणि त्यानेच पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. घरात अशी कॅप्सूल 'वेळेला असू दे' म्हणून ठेवली असेल तर काढून टाका. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा दिसायला अंधूक होतंय, तर थेट हॉस्पिटल गाठा. १०८ ला फोन करा. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, शेजाऱ्यांची गोळी मागू नका.