जॅममधल्या छोट्या गेमवर अभिप्राय द्यावा कसा, घ्यावा कसा

जाहीर झालेल्या एका विषयावर, ठरावीक तासांच्या आत पूर्ण गेम तयार करण्याच्या उपक्रमाला गेम जॅम म्हणतात. लडम डेअर हा त्यांतला जुना जॅम २००२ पासून चालत आला आहे. त्याच्या ‘कॉम्पो’ या प्रकारात एकट्यानेच ४८ तासांत कोड, चित्रे आणि आवाज असे सर्व काही तयार करावे लागते, तर ‘जॅम’ या प्रकारात संघाला ७२ तास मिळतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅममध्ये स्पर्धाच नसते. नियम वेगवेगळे असले तरी तयार होणारी वस्तू सारखीच असते: पाच-दहा मिनिटांत संपणारा, एका कल्पनेवर उभा असलेला आणि कुठेतरी हमखास उसवलेला गेम.

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या भाड्याच्या खोलीत किंवा सिडकोतल्या घरी रात्र जागून असा गेम अपलोड करणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते. गेम खेळला जातो, पण त्याबद्दल उपयोगाचे असे कोणी काही सांगत नाही. ओळखीचे लोक ‘एक नंबर झालाय’ म्हणून मोकळे होतात आणि अनोळखी लोक ‘पॉलिश कमी पडले’ एवढे लिहून पुढच्या गेमकडे वळतात. या दोन्ही वाक्यांत निकाल आहे, पण खेळताना काय घडले याचा पत्ता नाही. अभिप्राय देणाऱ्याने निकाल मागे ठेवून घडलेले सांगावे आणि घेणाऱ्याने बचाव मागे ठेवून ते ऐकावे, हे एवढे पथ्य दोघांनी पाळले तरी पुष्कळ काम होते.

खेळताना

पहिली पाच मिनिटे गेमच्या पानावरची माहिती न वाचता खेळावे, असे माझे मत आहे. गेम स्वतःच्या तोंडाने किती सांगतो आणि किती गोष्टी त्याने पानावरच्या मजकुरावर ढकलल्या आहेत, हे केवळ न वाचलेल्या माणसालाच कळू शकते, आणि ही संधी प्रत्येक खेळणाऱ्याला एकदाच मिळते. त्यानंतर माहिती वाचावी, पुन्हा खेळावे, आणि अभिप्रायात या दोन्ही खेपांचा वेगळा उल्लेख करावा. शेजारी कागद-पेन असू द्यावे. जिथे अडखळलात, जिथे अपेक्षा एक होती आणि झाले दुसरेच, जिथे नकळत हसलात, ते त्याच क्षणी टिपावे, कारण गेम संपल्यावर आठवते ते बहुतेक वेळा फक्त शेवटचे दृश्य असते.

समजा, जॅमचा विषय ‘तोल’ आहे आणि एका मुलीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कांदा लासलगावच्या बाजार समितीपर्यंत न सांडता नेण्याचा गेम केला आहे. तुम्ही तो खेळलात आणि तिसऱ्या वळणावर पुन्हा पुन्हा हरलात. अशा वेळी ‘कंट्रोल्स खराब आहेत’ असे लिहिणे सोपे असते, पण त्या वाक्यावरून तिने कोडच्या कोणत्या ओळीला हात घालायचा हे तिला कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘तिसऱ्या वळणावर उजवा बाण सोडल्यावरही ट्रॉली साधारण अर्धा सेकंद वळतच राहिली. मला वाटले की कळ अडकली आहे, म्हणून मी घाईने डावा बाण दाबला आणि कांदे सांडले. ओझ्यामुळे ट्रॉली उशिरा सरळ होते असे दाखवायचे असेल तर कल्पना चांगली आहे, पण ट्रॉली झुकलेली दिसत नाही आणि चाकांचा आवाजही बदलत नाही, त्यामुळे ते मला हरल्यानंतर उमगले.’ या तीन वाक्यांत घटना आहे, खेळणाऱ्याच्या मनातला समज आहे, त्या समजातून केलेली कृती आहे आणि गेमने काय दाखवायला हवे होते याकडे निर्देश आहे. उपाय मात्र त्यात जवळजवळ नाही, आणि ते योग्यच आहे. ट्रॉली झुकवायची, आवाज बदलायचा की वळणच सोपे करायचे, हे ठरवण्याचा हक्क करणारीचा आहे.

‘यात पाठलाग करणारे शत्रू टाका’, ‘हा थ्रीडीमध्ये भारी वाटेल’ अशा सूचना करण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरावा. अशी सूचना म्हणजे तुमच्या डोक्यातला दुसराच गेम असतो, आणि तो पुढच्या जॅममध्ये तुम्ही स्वतः करू शकता.

तांत्रिक दोष सांगताना मात्र मोजके बोलून चालत नाही. कोणता ब्राउझर, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, स्क्रीन किती हर्ट्‌झची (म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवणारी) आणि दोष दिसण्याआधी नेमके काय केले, हे चारही तपशील द्यावेत. यांतला हर्ट्‌झचा तपशील लोक हटकून विसरतात. वस्तू प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे नव्याने दाखवलेल्या प्रत्येक चित्रामागे, ठरावीक अंतराने सरकवली असेल आणि दोन फ्रेममधल्या वेळेचा हिशेब धरलेला नसेल, तर ६० हर्ट्‌झच्या लॅपटॉपवर नीट चालणारी ट्रॉली १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर २.४ पट वेगाने धावते. करणारी म्हणते की गेम संथ आहे, खेळणारा म्हणतो की तो अशक्य आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. ब्राउझरमध्ये खेळताना बाण दाबल्यावर गेमसोबत सगळे पानच वरखाली होते का, आणि पहिल्या क्लिकपर्यंत आवाज येतच नाही का, हेही पाहावे. आपोआप वाजणारा आवाज ब्राउझर स्वतःच अडवून धरतात, त्यामुळे सुरुवातीला ‘खेळा’ असे एक बटण ठेवले की हा दुसरा प्रश्न बहुधा मिटतो.

मराठी मजकूर असलेल्या गेममध्ये आणखी एक गोष्ट बारकाईने तपासावी लागते आणि ती आपल्याशिवाय कोणी तपासणार नाही. देवनागरी अक्षरांची जुळणी न करणाऱ्या इंजिनमध्ये (गेम ज्यात तयार करतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात, म्हणजे ‘नाशिक’ या साध्या शब्दाचीही वेलांटी भलत्याच जागी दिसते. गोडो हे असेच एक इंजिन; मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४.० पासून त्यात ही जुळणी होते, आधीच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांत होत नव्हती. शिवाय देवनागरीचा फॉन्ट गेमसोबत जोडलेला नसेल, तर ब्राउझरमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात. करणाऱ्याच्या संगणकावर सगळे ठीक दिसत असल्यामुळे त्याला याची कल्पनाही नसते. येथे वर्णन करत बसू नये, सरळ स्क्रीनशॉट पाठवावा.

तारे देताना

बहुतेक जॅममध्ये गेम जमा झाल्यावर काही दिवस ते आठवडे सहभागी लोक एकमेकांचे गेम खेळून गुण देतात. लडम डेअरमध्ये एकूण परिणाम, मजा, नावीन्य, विषयाशी नाते, चित्रे, आवाज, विनोद आणि वातावरण अशा निकषांवर १ ते ५ तारे द्यायचे असतात आणि अंतिम गुण मिळण्यासाठी गेमला साधारण २० जणांची मते लागतात. इच डॉट आयओ या गेम अपलोड करण्याच्या संकेतस्थळावरच्या जॅममध्ये निकष आयोजक ठरवतात, पण क्रमवारीचे गणित ठरलेले आहे: तुमच्या गेमला मिळालेली मते सर्व गेमच्या मतसंख्यांच्या मध्यकापेक्षा (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा) कमी असतील, तर गुणांना कात्री लागते. मध्यक २० मतांचा असेल आणि तुम्हाला ५ जणांनीच मते दिली असतील, तर ५ भागिले २० या अपूर्णांकाच्या वर्गमुळाने सरासरी गुणली जाते, म्हणजे ४ ताऱ्यांचे २ होतात. त्यामुळे जे लोक इतरांचे गेम मन लावून खेळतात आणि लिहितात, त्यांच्याकडे परतफेडीची मते येतात आणि त्यांची क्रमवारीही सावरते. केवळ ‘छान, माझाही खेळा’ असे पन्नास ठिकाणी चिकटवत फिरणे मात्र असभ्यपणाचे आहे आणि ते लगेच ओळखू येते.

मित्राला सरसकट ५ तारे देण्याची आपल्याकडची रीत सोडावी. चित्रे उत्तम आणि विषयाशी नाते ओढूनताणून जोडलेले असेल, तर तसेच वेगवेगळे गुण द्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी वेळ कुठे खर्च करायचा हे त्याला आकड्यांवरूनही कळेल.

समोरासमोर बसल्यावर

ऑनलाइन अभिप्रायापेक्षा एका खोलीत बसून घेतलेला अभिप्राय कितीतरी समृद्ध असतो, मात्र तो सहज बिघडतोही. आमच्याकडे गंगापूर रोडवर मित्राच्या घरी अशा बैठका होतात, तेव्हा काही गोष्टी आवर्जून पाळल्या जातात. करणारा खेळणाऱ्याच्या शेजारी बसत नाही, तिरपा मागे बसतो, जेणेकरून त्याला स्क्रीन आणि खेळणाऱ्याची बोटे दिसतील, पण त्याचा चेहरा खेळणाऱ्याला दिसणार नाही. खेळणाऱ्याला एकच विनंती केली जाते: ‘मनात जे येईल ते मोठ्याने बोलत खेळ.’ त्यानंतर करणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. हे फार जड जाते. खेळणारा स्पेसबार बडवत असतो, उडी एक्स या कळीवर असते, आणि मागे बसलेल्याच्या ओठांवर ते उत्तर येऊन थांबलेले असते. तरीही थांबावे. तो स्पेसबार किती वेळा दाबतो, मग बाण वापरून पाहतो का, शेवटी कंटाळून ‘दादा, उडी आहे ना यात?’ असे विचारतो का, हीच खरी माहिती आहे. उत्तर दिल्याक्षणी ती नाहीशी होते. दोन मिनिटे होऊनही पुढे जाता येत नसेल, तर मदत करावी आणि मदत केली अशी नोंदही करावी.

‘आवडला का?’ हा प्रश्न विचारूच नये. ज्याने आत्ताच चहा पाजला, त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस नाशिकमध्ये तरी विरळाच. त्याऐवजी ‘गेममध्ये तुला काय करायचे आहे असे वाटले?’, ‘कुठे सोडून द्यावासा वाटला?’, ‘हरलास तेव्हा चूक कोणाची वाटली?’ असे प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न माझा विशेष आवडता आहे, कारण चूक स्वतःची वाटली तर खेळणारा पुन्हा प्रयत्न करतो, गेमची वाटली तर टॅब बंद करतो.

वयाचा आणि मानाचा प्रश्नही असतो. बैठकीत नोकरीला लागलेला अनुभवी प्रोग्रामर असेल आणि मुले त्याला ‘सर’ म्हणत असतील, तर त्याने सर्वांत शेवटी बोलावे, एरवी त्याच्या मतानंतर सगळे जण ‘सर म्हणाले तेच’ एवढेच म्हणतात. घरातल्या आत्याला किंवा मावशीलाही गेम जरूर खेळायला द्यावा. डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर ठेवायचा असतो हे जगजाहीर आहे, असे आपण किती गृहीत धरतो, ते अशा वेळी चटकन दिसते. मात्र कठीण प्लॅटफॉर्मरची (उड्या मारत पुढे जायच्या गेमची) अवघडता तिच्या खेळण्यावरून ठरवू नये.

अभिप्राय आल्यावर

पहिल्या दिवशी आभारापलीकडे उत्तर देऊ नये. दोन रात्री जागलेल्या माणसाला प्रत्येक सूचना आरोपासारखी ऐकू येते आणि ‘ते मुद्दाम तसे ठेवले आहे’ हे वाक्य बोटांतून आपोआप उतरते. मुद्दाम ठेवलेले खेळणाऱ्यापर्यंत पोहोचले नसेल, तर हेतूचे स्पष्टीकरण देऊन काही साधत नाही. झोप झाल्यावर सर्व अभिप्राय एका वहीत किंवा शीटवर उतरवावेत आणि सारख्या तक्रारी जवळजवळ आणाव्यात.

लोकांनी सुचवलेला उपाय आणि त्यामागची अडचण या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. तिघांनी ‘वेळ वाढवा’ असे लिहिले, तर वेळ वाढवण्याआधी विचारावे की त्यांना घड्याळ कधी दिसले. ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत असेल, तर तक्रार वेळेची नसून अचानक हरण्याची आहे. परस्परविरोधी मते आली, एकाला सोपा वाटला आणि दुसऱ्याला अशक्य, तर सरासरी काढू नये. कोण कसे खेळले हे पाहावे, स्क्रीनचा हर्ट्‌झही विचारावा. एकाच माणसाने लिहिलेली आणि गेमच्या कल्पनेशीच न जुळणारी सूचना शांतपणे बाजूला ठेवण्यात काही गैर नाही. तिचे खंडन करण्याची तर मुळीच गरज नाही.

मग दुरुस्तीचे पाहावे. मुदत संपल्यानंतर काय बदलता येते हे जॅमच्या नियमांत वाचावे. लडम डेअरमध्ये गेम बंद पाडणारे दोष दुरुस्त करण्यास मुभा असते, नव्या गोष्टी घालण्यास नसते, आणि इच डॉट आयओवरच्या अनेक जॅममध्ये मतदान चालू असेपर्यंत अपलोडच बंद असते. म्हणून जॅमची मूळ आवृत्ती तशीच ठेवून सुधारलेली आवृत्ती वेगळी काढावी. गेम पुढे वाढवायचा की येथेच थांबवायचा, हा निर्णय ताऱ्यांवर सोडू नये. ‘बाबा इज यू’ हा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला आणि २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, पण जॅममधले बहुसंख्य गेम तेथेच थांबतात आणि त्यांतून शिकलेले पुढच्या गेममध्ये जाते.

दुरुस्ती झाल्यावर ज्याच्या अभिप्रायामुळे ती झाली त्याला नव्या आवृत्तीचा दुवा पाठवून नेमके काय बदलले ते एका ओळीत कळवावे, म्हणजे पुढच्या वेळीही तो वेळ काढून लिहील. मात्र दुरुस्ती लागू पडली की नाही याची परीक्षा त्याच्याकडून करून घेऊ नये, कारण ट्रॉली उशिरा सरळ होते हे त्याला आता ठाऊक झालेले असते. त्यासाठी गेम कधीही न पाहिलेला नवा माणूस बसवावा आणि पुन्हा तिरपे मागे बसून गप्प राहावे.