हॉलमधल्या बास्केटबॉलचे फोटो: लेन्स कोणती, सेटिंग्ज कोणती

डोळ्यांना बास्केटबॉलचा हॉल लख्ख वाटतो. कॅमेऱ्याच्या हिशेबात मात्र तो अंधारच असतो. भर दुपारच्या उन्हाशी तुलना केली, तर शाळा-कॉलेजच्या साध्या हॉलमधला प्रकाश शेकडो पटींनी कमी भरतो. त्यात खेळाडू धावता धावता दिशा बदलतात, उडी मारतात, एकमेकांच्या आड येतात. म्हणून मग फोटोत चेहरे पुसट, हात हललेले आणि चेंडूच्या जागी नारिंगी पट्टा दिसतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात एनबीएचे दोन सामने झाले. त्या सामन्यांचे फोटो पाहिल्यावर आपल्या मुलीच्या आंतरशालेय सामन्याचेही तसेच यावेत, असं वाटणं अगदी साहजिक आहे. फरक इतकाच, की अशा सामन्यांत प्रकाश टीव्हीच्या गरजेने लावलेला असतो आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या स्टेडियममध्ये फोटोग्राफरांसाठी छतालाच ताकदवान स्ट्रोब (मोठे फ्लॅश) बसवलेले असतात. आपल्या हातात तीनच गोष्टी उरतात: मोठं उघडणारं ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र), आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) आणि बसायची जागा. या तिन्हींचा वापर करताना एक नियम धरून ठेवा. फोटोत दाणे आले तर चालतील, हललेला चेहरा चालणार नाही.

पहिली पायरी: हॉल बघून घ्या

सामन्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. छताकडे बघा: ट्यूब आहेत, एलईडी आहेत की मोठे मेटल हॅलाइड दिवे? मेटल हॅलाइड दिवा लावल्या लावल्या पूर्ण उजळत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. तोवर घेतलेलं मोजमाप सामन्यात उपयोगी पडत नाही. खिडक्यांतून ऊन येत असेल तर दुपारच्या सामन्यात ते सरकत जातं, हेही लक्षात ठेवा.

वॉर्म-अप सुरू झाला की दोन्ही रिंगांखाली, मैदानाच्या मध्यावर आणि कोपऱ्यांत एकेक फोटो काढा. बहुतेक हॉलमध्ये मध्यावर उजेड जास्त आणि नेमका रिंगखाली कमी असतो. एखादा दिवा बंद असेल तर ती बाजू आणखी काळोखी. खेळ रिंगखालीच रंगतो, तेव्हा सेटिंग्ज तिथल्या उजेडावर ठरवायची.

दुसरी पायरी: लेन्स निवडा

कॅमेऱ्याच्या बॉडीवर पैसे घालण्याआधी लेन्सवर घाला, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ किंवा जोडीला घेतलेली ५५-२५० झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर मोठं). एफ २.८ ची लेन्स त्यापेक्षा चौपट प्रकाश आत घेते आणि एफ १.८ ची जवळजवळ दहापट. दहा वर्षं जुन्या बॉडीवर एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावून निघणारे फोटो नव्या बॉडीवरच्या किट लेन्सपेक्षा बहुतेक वेळा सरस येतात.

आता फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा एमएमचा आकडा: तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं. इथे अंदाजापेक्षा साधं गणित बरं. सेन्सरच्या बाजूची लांबी गुणिले खेळाडूपर्यंतचं अंतर, भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे फ्रेममध्ये किती जागा मावेल ते कळतं. क्रॉप सेन्सरची (बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरची) लांब बाजू सुमारे २३ मिलिमीटर असते, फुल फ्रेमची (मोठ्या सेन्सरची) ३६. कॅमेरा उभा धरला की हीच लांब बाजू उंचीच्या दिशेने येते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, रिंग ३.०५ मीटर उंचीवर आणि फ्री थ्रोची रेषा बेसलाइनपासून (रिंगमागच्या मैदानाच्या शेवटच्या रेषेपासून) ५.८ मीटरवर. तुम्ही बेसलाइनच्या दोन मीटर मागे, रिंगच्या जरा बाजूला बसलात तर फ्री थ्रो घेणारी मुलगी साधारण साडेआठ मीटरवर येते. क्रॉप बॉडीवर ८५ एमएम लावून कॅमेरा उभा धरला, तर २.३ मीटर उंची फ्रेममध्ये मावते. म्हणजे बुटापासून कपाळासमोर उचललेल्या चेंडूपर्यंत सगळं येतं आणि वर थोडी मोकळी जागाही राहते. तीच मुलगी ड्रिबल करत ले-अपसाठी (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकायला) रिंगखाली आली की अंतर साडेतीन मीटरवर येतं. तिथे ८५ मध्ये जेमतेम ९५ सेंटीमीटर मावतात आणि हात किंवा चेंडू कापला जातो. ५० एमएममध्ये तिथे १.६ मीटर येतात: गुडघ्यापासून वरचं शरीर आणि चेहऱ्यावरचा जोर, दोन्ही. रिंगसकट सगळं हवं असेल तर २४ किंवा त्याहून रुंद लेन्स हवी.

म्हणून खिसा हलका असेल तर क्रॉप बॉडीसाठी आधी ५० एमएम एफ १.८ घ्या. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरसाठी ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे आणि जुन्या बाजारातही सहज मिळते. निकॉनची जुनी डी प्रकारची ५० घेताना मात्र बॉडीत फोकस मोटर आहे का ते पाहा. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत ती नसते, मग फोकस हाताने करावा लागतो आणि या खेळात ते जमत नाही. पुढची खरेदी ८५ एमएम एफ १.८. फुल फ्रेमवाल्यांनी थेट ८५ पासून सुरुवात करावी.

७०-२०० एफ २.८ ही खेळाच्या फोटोग्राफरांची हक्काची लेन्स, यात वाद नाही. बेसलाइनवरून मध्यापर्यंत सगळं एका लेन्समध्ये मिळतं, गॅलरीतूनही काम होतं. पण ती महाग आणि एक ते दीड किलो जड आहे. वर्षातून दोन-तीन स्पर्धांसाठीच हवी असेल तर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने लेन्स मिळतात. विकत वा भाड्याने घेताना लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर भुलू नका. त्याने तुमचा हात हललेला सावरतो, धावणारा खेळाडू नाही.

तिसरी पायरी: शटर, ॲपर्चर, आयएसओ, याच क्रमाने

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या आणि आधी शटर (सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते) ठरवा. सेकंदाला पाच मीटर वेगाने धावणारा खेळाडू १/२५० सेकंदात दोन सेंटीमीटर सरकतो, १/५०० मध्ये एक आणि १/१००० मध्ये अर्धा. हात आणि चेंडू तर शरीरापेक्षा कितीतरी वेगात असतात. माझी खालची मर्यादा १/५०० आहे, मन रमतं ते १/८०० वर. फ्री थ्रो, टाइम-आउट, बेंचवरचे चेहरे यांना १/३२० पुरतं. जम्प शॉटमध्ये खेळाडू उडीच्या माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखा होतो; तो क्षण साधला तर १/५०० सुद्धा भरपूर.

मग ॲपर्चर. एफ १.८ ची लेन्स आहे म्हणून सतत १.८ वरच ठेवायची गरज नाही. आठ मीटरवरच्या खेळाडूवर ८५ एमएम एफ १.८ ला ठेवली, तर क्रॉप बॉडीवर स्पष्ट दिसणारी खोली साठ सेंटीमीटरच्या आसपास असते, एफ २.८ ला ती मीटरभर होते. पुढे आलेला हात आणि मागचा चेहरा यांत सहज अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. उजेड परवानगी देईल तर एफ २ किंवा २.२ वर या.

शेवटी आयएसओ, जितका लागेल तितका. बऱ्यापैकी हॉलमध्ये एफ २, १/८०० आणि आयएसओ ३२०० अशी सुरुवात करून पाहा. त्याच उजेडात, त्याच शटरला एफ ५.६ ची किट लेन्स २५६०० मागेल. लेन्सवर पैसे घाला म्हणतो ते यासाठीच. ३२०० किंवा ६४०० चा आकडा बघून घाबरू नका. कमी आयएसओवर काढलेला काळा फोटो नंतर संगणकावर उजळला तर दाणे जास्त वाईट दिसतात.

ऑटो आयएसओ सोयीचा वाटतो, पण इथे तो दगा देतो. पांढऱ्या जर्सीचा संघ समोर आला की कॅमेरा फोटो काळवंडतो, गडद निळ्या जर्सीचा आला की उजळवतो. उजेड मात्र तोच असतो. म्हणून आयएसओ हाताने ठरवा आणि पडताळणी खेळाडूच्या चेहऱ्यावर करा. चकाकणारी लाकडी फरशी किंवा पांढरी भिंत बघून ठरवलंत तर चेहरे अंधारात जातील.

फ्लॅश वापरू नका. रिंगकडे नजर लावलेल्या खेळाडूच्या डोळ्यांत तो जातो, आणि बहुतेक आयोजक तो चालवूनही घेत नाहीत.

चौथी पायरी: दिव्यांची लुकलुक सांभाळा

हॉलमध्ये नव्याने फोटो काढणारे इथे हमखास गोंधळतात. एकाच बर्स्टमधला (बटण दाबून सलग काढलेल्या फोटोंतला) एक फोटो छान उजळ, पुढचा पिवळट आणि काळपट, तिसरा पुन्हा ठीक. सेटिंग तेच, जागा तीच. दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० चं शटर त्या एका फेऱ्याचा पाचवाच हिस्सा टिपतं. तो हिस्सा उजळ निघाला की फोटो उजळ, मंद निघाला की मंद. ट्यूब आणि मेटल हॅलाइडमध्ये याबरोबर रंगही बदलतो. एलईडी आले म्हणून सुटका झाली असं समजू नका. स्वस्त ड्रायव्हरचे एलईडीही लुकलुकतात.

उपाय मेनूमध्ये आहे. कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये अँटी-फ्लिकर ही सोय दिली. आता निकॉन, सोनी यांच्याही अनेक बॉडींत ती फ्लिकर रिडक्शन किंवा अशाच नावाने सापडते. ती चालू केली की कॅमेरा दिव्याचा उजळ क्षण ओळखून त्याच वेळी शटर सोडतो. बर्स्टचा वेग थोडा कमी होतो, तेवढं सोसा. ही सोय नसेल तर महत्त्वाच्या क्षणी एकाऐवजी तीन-चार फ्रेम घ्या, त्यातली एखादी तरी उजळ निघते.

मिररलेसवाल्यांनी आणखी एक करावं: इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून मेकॅनिकल वापरावं. बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने, सावकाश वाचतं, आणि लुकलुकत्या दिव्यात फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. आवाज होत नाही म्हणून ते मोहात पाडतं, पण चेंडू टप्पा खात असलेल्या हॉलमध्ये शटरच्या आवाजाने कोणाचं काही बिघडत नाही.

फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल, जिचे रंग नंतर सुधारता येतात) घ्या. जेपेगच हवा असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) सोडा आणि वॉर्म-अपमध्ये पांढरा कागद रिंगखाली धरून कस्टम व्हाइट बॅलन्स करा. कागदाचा तो फोटो १/५० वर घ्या, म्हणजे दिव्याचे पूर्ण फेरे त्यात येतात आणि रंग खरा मोजला जातो.

पाचवी पायरी: फोकस

सततचा फोकस हवा: कॅननमध्ये एआय सर्वो किंवा सर्वो, इतरांत एएफ-सी. डीएसएलआर असेल तर मधला पॉइंट आणि त्याच्या आजूबाजूचे काही, एवढाच गट निवडा. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा जवळचा पंच, बचाव करणाऱ्याची पाठ किंवा मागची जाहिरात पकडतो. पॉइंट छातीवरच्या नंबरवर ठेवा. नंबरात ठळक रेषा असतात, फोकस पटकन बसतो. नव्या मिररलेस बॉडीत डोळा ओळखणारा फोकस चांगला चालतो, पण रिंगखालच्या गर्दीत तो भलत्याच चेहऱ्यावर उडी मारतो. तिथे छोटा चौकोनच बरा.

सहावी पायरी: बसायची जागा

बेसलाइनच्या मागे, मैदानाकडे तोंड केल्यावर रिंगच्या उजव्या हाताला बसा. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि आपल्या उजव्या बाजूने ले-अपला येतात. तुमच्या दृष्टीने ती डावी बाजू. येताना त्यांचं तोंड तिरकं तुमच्याकडे वळतं आणि चेंडू उचललेला हात चेहऱ्याच्या आड येत नाही. खाली मांडी घालून बसलात तर उडी आहे त्याहून उंच दिसते. पंच बेसलाइनवरून ये-जा करतात, खेळाडू वेगात बाहेर येतात, म्हणून दोन मीटर जागा मोकळी सोडा आणि बॅग मागे भिंतीशी ठेवा. आयोजकांची परवानगी आधीच घेतलेली बरी.

आपला संघ ज्या रिंगवर हल्ला करतो त्या टोकाला बसायचं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा तुम्हीही टोक बदला आणि पलीकडच्या उजेडाप्रमाणे आयएसओ पुन्हा जुळवा. २८ मीटरवरच्या दुसऱ्या रिंगखालचा खेळ ५० किंवा ८५ ने टिपायचा मोह सोडा. त्या वेळात बेंचकडे, प्रशिक्षकांकडे लेन्स वळवा.

सातवी पायरी: खेळताना आणि नंतर

बटण दाबून धरू नका. चेंडू हातातून सुटण्याच्या जरा आधीपासून तीन-चार फ्रेम पुरतात. लांबलचक बर्स्टने बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका रिबाउंड हुकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर पास कुठून येतोय ते फ्रेमबाहेरही दिसतं.

घरी आल्यावर आधी हललेले आणि पाठमोरे फोटो काढून टाका. चेंडू आणि चेहरा दोन्ही असलेले ठेवा. डीनॉइज (दाणे घालवणारी सोय) बेताने लावा, नाही तर त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते आणि जर्सीचं जाळीदार कापड नाहीसं होतं. शालेय सामन्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी मुलांच्या पालकांना आणि शाळेला विचारा, आणि पूर्ण आकारातल्या प्रती संघाच्या प्रशिक्षकांकडे द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.