आफ्रिकेतल्या छोट्या प्रायव्हेट गेम रिझर्व्हला जायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तयारीची माहिती

आफ्रिकेची सफारी म्हटलं की आपल्याकडे लोक थेट मसाई मारा नाहीतर क्रूगर म्हणतात, आणि ती ठिकाणं भारी आहेतच, पण दक्षिण आफ्रिकेत जी छोटी छोटी प्रायव्हेट गेम रिझर्व्ह, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली खासगी जंगलं, आहेत त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, त्यातही आई-बाबा आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी, तिथेच जावं. एकच रिझर्व्ह निवडा, कमीत कमी तीन रात्री तिथेच राहा, आणि गाइडला त्याचं काम शांतपणे करू द्या. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठीच आहे.

आधी छोटं म्हणजे किती ते बघा. आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे येऊरपासून बोरिवलीपर्यंतचं अख्खं जंगल, साधारण १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे १०,४०० हेक्टर. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातलं करिएगा रिझर्व्ह जवळपास तेवढंच आहे. मादिक्वे (हे खरं तर सरकारी रिझर्व्ह, आतले लॉज मात्र बहुतेक खासगी) त्या मानाने मोठं, साधारण ७५,००० हेक्टर. आणि क्रूगर एकटं जवळजवळ २० लाख हेक्टर. म्हणजे येऊरएवढ्या जागेत सिंह, हत्ती, गेंडे सगळे राहतात हे ऐकून तुम्हाला प्रश्न पडला असेल की हे झूच झालं की, तर तसं नाहीये, प्राणी स्वतः शिकार करतात, स्वतःचं पाणी शोधतात, पण कुंपण असतं, विजेचं असतं, आणि त्यामुळे माणसाला बरंच काही सांभाळावं लागतं. सिंहांच्या रक्तात नवं रक्त यावं म्हणून एका रिझर्व्हमधला नर दुसरीकडे नेतात, हत्तींची संख्या जागेच्या बाहेर जाऊ नये म्हणून माद्यांना गर्भनिरोधक लस डार्टने देतात. हे सगळं गाइडला मोकळेपणाने विचारा, चांगला गाइड लपवत नाही.

तिथला कायदाही आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जंगली प्राण्याची मालकी कोणा खासगी माणसाकडे जात नाही, तिकडे १९९१ च्या गेम थेफ्ट ॲक्टनुसार नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचे प्राणी जमीनमालकाचे धरले जातात. म्हणून तिथे शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या जमिनी लोकांनी परत जंगलाला दिल्या. ईस्टर्न केपमध्येच अमाखाला आहे, ते १९९९ मध्ये शेजारशेजारच्या शेतकरी कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून सुरू केलं. मादिक्वेची जमीनपण आधी गुरं चारायचीच होती, १९९१ पासून पुढच्या काही वर्षांत तिथे ८,००० च्या वर प्राणी आणून सोडले. मला हे फार मोठं काम वाटतं, आणि आपण भरतो तो पैसा या कुंपणांना, गार्ड्सना, डॉक्टरांना जातो हे लक्षात ठेवलं की रेट बघून होणारी घालमेल थोडी कमी होते.

पण याच कायद्याची वाईट बाजूपण आहे. सिंहाच्या पिल्लांना मांडीवर घेऊन फोटो, सिंहांबरोबर वॉक, असलं काही एखादी जागा देत असेल तर तिथे जाऊ नका, कितीही स्वस्त असू दे. ती पिल्लं पिंजऱ्यात पैदास केलेली असतात आणि मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं ते ऐकवत नाही, अनेकदा बंदिस्त जागेत पैसे घेऊन शिकारीला देतात. २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने ही पिंजऱ्यातली पैदास बंद करण्याचं धोरण मंजूर केलंय, पण म्हणून लगेच सगळं थांबतं असं नाही, तेव्हा आपणच विचारायचं. काही प्रायव्हेट रिझर्व्हमध्ये मोकळ्या प्राण्यांच्या शिकारीलाही परवानगी असते, तेही बुकिंगच्या आधी मेल करून सरळ विचारा, उत्तर गोलगोल आलं तर पुढे सरका.

मेल करणारच आहात तर अजून काही विचारून घ्या. एका प्राण्याजवळ एका वेळी किती गाड्या उभ्या राहू देता (दोन किंवा तीन हे उत्तर हवं), गाडीत रेंजरबरोबर (म्हणजे गाडी चालवणारा गाइड) वेगळा ट्रॅकर (प्राण्यांचा माग काढणारा) असतो का, मुलांना कितव्या वर्षापासून गेम ड्राइव्हला, म्हणजे गाडीतून प्राणी बघायच्या फेरीला, घेता. हा शेवटचा प्रश्न आपल्या लोकांना फार महाग पडतो कारण बऱ्याच ठिकाणी सहा वर्षांखालच्या मुलांना गेम ड्राइव्हवर घेत नाहीत, मग आई नाहीतर बाबा लॉजवरच बसून. आणि रेट वाचताना डोळ्यात तेल घालून वाचा, तिकडे रेट बहुतेक वेळा पर पर्सन शेअरिंग असतो, म्हणजे खोलीचा नव्हे, माणशी, आणि एकटे असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याने खोली घेण्याचे जादा पैसे, वर. त्यात राहणं, तीन वेळचं खाणं आणि दिवसाच्या दोन ड्राइव्ह बहुतेक येतात, पण काँझर्वेशन लेव्ही, म्हणजे जंगल राखण्यासाठीची फी, कित्येकदा वेगळी असते आणि ती गेटवर भरावी लागते. इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाचा आगाऊ कर कापला जातो, तो रिटर्न भरताना क्लेम करा, विसरू नका.

कुठलं रिझर्व्ह घ्यायचं? मुलं किंवा वयस्कर कोणी बरोबर असेल तर मलेरिया नसलेला भाग घ्या, म्हणजे मादिक्वे, पिलानेसबर्ग (हेही सरकारीच), वॉटरबर्ग नाहीतर ईस्टर्न केप. क्रूगरला लागून साबी सँड, टिंबावाटी वगैरे आहेत, बिबट्यासाठी साबी सँडसारखी जागा नाही, आणि १९९३ मध्ये तिथलं क्रूगरच्या बाजूचं कुंपण काढल्यामुळे प्राणी आरपार फिरतात, पण तो मलेरियाचा पट्टा आहे, डॉक्टरला विचारून गोळ्या घ्याव्या लागतात आणि रेटही वरचे. पहिल्या ट्रिपला मी मादिक्वे सुचवेन, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण साडेचार तास, छोट्या विमानाचं झंझट नाही. छोट्या विमानाने जाणार असाल तर मात्र कडक सूटकेस चालत नाही, मऊ बॅगच लागते, वजनाची मर्यादाही कमी असते.

गाडी स्वतः चालवणार असाल तर तिकडेही डावीकडूनच चालवतात, ते आपल्याला सोपं जातं. ठाणे किंवा वाशी आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा. अंधार पडायच्या आत पोचायचंच असं ठरवून निघा, रिझर्व्हची गेट संध्याकाळी बंद होतात आणि रात्री रस्त्यावर प्राणी, गुरं येतात.

कधी जायचं? आपली मे महिन्याची सुट्टी एकदम जमते. तिकडे तेव्हा पावसाळा संपून थंडी सुरू होत असते, गवत सुकायला लागतं, पाणी आटतं आणि प्राणी पाणवठ्यावर येतात, जून ते ऑगस्ट तर अजून चांगलं. दिवाळीत गेलात तर गरम असतं, पहिला पाऊस यायला लागलेला असतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इंपालाची (तिकडचं हरणासारखं जनावर) पिल्लं दिसतात आणि सगळं हिरवं होतं. (ईस्टर्न केपमध्ये पावसाचं गणित वेगळं आहे, तिथे वर्षभर थोडा थोडा पडतो.) पक्ष्यांची आवड असेल तर मी उलट डिसेंबर-जानेवारीच सांगेन, कारण अमूर ससाणा, जो नागालँडमधून निघून आपल्या लोणावळ्याच्या डोंगरांवर थोडा टेकतो आणि मग अख्खा अरबी समुद्र ओलांडतो, तो तेव्हा तिकडे पोचलेला असतो. तिकडच्या तारेवर बसलेला तो पक्षी बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा सिंह बघूनही झाला नसेल.

व्हिसा आधी काढावा लागतो, निदान दोन महिने हातात ठेवा, पासपोर्टवर दोन कोरी पानं हवीत, आणि मुलांचा जन्मदाखला आई-वडील दोघांच्या नावासकट बरोबर ठेवा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर यलो फीवरची लस घेऊन टाका. दक्षिण आफ्रिकेत यलो फीवर नाही, पण तुम्ही त्या देशांतून येता म्हणून कार्ड मागू शकतात, आणि परत येताना मुंबईतही मागू शकतात, नसेल तर क्वारंटाइनपर्यंत गोष्ट जाते. लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरशी बोला, किंवा सरळ दुबई, दोहावरून तिकीट काढा.

कपड्यांचं थोडक्यात, खाकी, मळकट हिरवे, तपकिरी घ्या, पांढरं आणि भडक नको, गवतात गोचिडी असतात म्हणून चालताना पूर्ण बाह्या, फुल पँट. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. मे ते ऑगस्टमध्ये पहाटे पारा पाच डिग्रीच्या आसपास येतो, कधी शून्याजवळही, आणि गाडी उघडी असते, आपल्याकडे महाबळेश्वरला नेतो त्या स्वेटरने काहीही होत नाही. थर्मल, विंडचीटर, कानटोपी, हातमोजे घ्या. तिकडचा प्लग आपल्या गीझरला असतो तसा मोठा तीन पिनचा असतो, नवीन वेगळे सॉकेटही दिसतात, तर युनिव्हर्सल ॲडॅप्टर बरा. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी, ८ बाय ४२ पुरते, आणि जायच्या आधी दोन-तीन रविवार ऐरोलीच्या खाडीवर नाहीतर नेरुळच्या तलावावर फ्लेमिंगोंवर हात बसवून घ्या, कारण तिकडे बिबट्या झाडावर दोन मिनिटं दिसतो आणि लोक फोकस लावत बसतात.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका पण बुकिंगमध्येच व्हेज, जैन, अंडं चालतं की नाही हे स्पष्ट लिहा, लॉज शहरापासून लांब असतो, आयत्या वेळी भाजी आणायला कोणी जाऊ शकत नाही. तिकडे ‘पाप’ नावाचा पदार्थ असतो, मक्याच्या पिठाचा, आपल्या तांदळाच्या उकडीसारखा, आणि त्याबरोबर चकालाका, टोमॅटो, बीन्स वगैरेची तिखट भाजी, हे आपल्याला मस्त आवडतं. बिल्टाँग म्हणजे सुकवलेलं मांस, गोमांस असू शकतं, विचारूनच हात लावा. मेतकूट आणि लोणच्याचं पाकीट नेणार असाल तर आधी तिकडच्या कस्टम्सचे नियम बघा.

आता खरा भाग. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, चहा-रस्क खाऊन गाडीत, तीन तास फिरून नाश्त्याला परत, दुपारी झोप, मग साडेतीन-चारला पुन्हा निघून अंधार पडेपर्यंत. ताडोबाला गेलेल्यांना फरक लगेच कळतो, ताडोबात वाघ दिसला की जिप्सींची रांग, इथे बिबट्याजवळ तुमची एकच गाडी असू शकते आणि रस्ता सोडून झाडीत जायचीही परवानगी असते. ट्रॅकर पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत बसतो आणि वाळूच्या रस्त्यावर बघत असतो. तुम्हीही बघायला शिका, विचारा त्याला. गेंड्याच्या पावलाला तीन बोटं उठतात. सिंहाच्या ठशात नखं दिसत नाहीत, तरसाच्या आणि रानकुत्र्याच्या दिसतात. ठशावर दव पडलेलं असेल तर तो रात्रीचा, दव मोडून उठलेला असेल तर आत्ताचा. गेंड्याच्या लिदीत नुसतं गवत असेल तर पांढरा गेंडा, तिरप्या कापलेल्या काड्या असतील तर काळा. इंपाला फुरफुरतोय, जिराफ एकाच दिशेला टक लावून उभा आहे, तर त्या दिशेला काहीतरी आहे. पहिल्या दिवशी हे सगळं नुसतं ऐकू येतं, दुसऱ्या दिवशी थोडं दिसायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी पोरंच ओरडायच्या ऐवजी रेंजरच्या खांद्यावर हळूच टिचकी मारून बोट दाखवतात. एका रात्रीच्या मुक्कामात हे होत नाही, म्हणूनच मी तीन म्हणते.

पहिल्याच ड्राइव्हला रेंजरला सांगा की आम्हाला बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) घाई नाही. ते ऐकून त्याचा चेहराच बदलतो, मग तो वाळवीच्या वारुळापाशी थांबतो, निळ्या-जांभळ्या छातीच्या रोलरजवळ थांबतो (आपल्या नीलपंखाचाच भाऊबंद), रात्री लाल फिल्टरच्या टॉर्चने झाडावरची बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचा, माकडाच्या जातकुळीतला छोटा निशाचर प्राणी) दाखवतो.

गाडीत उभं राहायचं नाही, हात-पाय बाहेर नाहीत. प्राण्यांना गाडी आणि आपण मिळून एकच आकार दिसतो, उभं राहिलं की तो आकार मोडतो आणि तिथून धोका सुरू होतो. मोबाइल सायलेंट, फ्लॅश बंद. आणि गेंड्याचा फोटो कधीही लोकेशनसकट टाकू नका, जिओटॅग आधीच बंद करा, रिझर्व्हचं नावही त्या फोटोखाली नको, शिकारी टोळ्या तेच शोधत असतात. बऱ्याच ठिकाणी गेंड्यांची शिंगं मुद्दाम कापलेली दिसतील, ती नखासारख्याच केराटिनची असतात, भूल देऊन कापतात, दुखत नाही आणि परत वाढतात. मुलांना हे आधीच घरी समजावून न्या, नाहीतर तिथे बघून त्यांना वाईट वाटतं.

लॉजवर अंधार पडला की एकट्याने खोलीबाहेर पडायचं नाही, फोन किंवा वॉकीटॉकीवर सांगितलं की माणूस न्यायला येतो, दोन पावलांवर डायनिंग असलं तरी. माकडं आणि बबून येऊन बॅगा उघडतात, तेव्हा दारं-खिडक्या लावून जा.

टिप द्यायची पद्धत आहे आणि ती द्यावीच, रेंजर आणि ट्रॅकरला वेगवेगळी, शेवटच्या ड्राइव्हनंतर हातात. किती द्यायची याचा अंदाज लॉजच्या माहितीपत्रात असतो, नसेल तर रिसेप्शनला विचारा. स्वयंपाकघर आणि साफसफाईवाल्यांसाठी रिसेप्शनजवळ एक पेटी असते, त्यातही टाका. त्यासाठी सुटे रँड (तिकडचं चलन) जोहान्सबर्गलाच काढून ठेवा, रिझर्व्हच्या आत एटीएम मिळेल या भरवशावर राहू नका.