भांडी घेताना या चुका टाळा: आधी बूड बघा

धनत्रयोदशी जवळ आली की माझ्या फोनवर पातेल्यांचे फोटो यायला लागतात. भाच्या, पुतण्या, शेजारच्या पोरी, सगळ्यांचा एकच प्रश्न, "आक्का, हे घेऊ का?" फोटोत भांडं कळत नाही, बायांनो. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला जा, दुकानात उभ्या राहा, भांडं हातात घेऊन पालथं करा आणि बूड बघा. कितीदा सांगितलं तरी दरवर्षी चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती नगांवर भाळून सेट घेण्याची चूक. पाच पातेली, पाच झाकण्या, वर एक चाळण फुकट. माझ्या पुतण्याने लग्नानंतर असाच सेट आणला होता. पुढे त्याच्या लेकाच्या जावळाला घरचीच वीस माणसं जेवायला होती आणि पांढरा रस्सा त्यातल्याच मोठ्या पातेल्यात चढवला. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, छान उतरलं होतं, नारळाचं दूध ताजं होतं. खसखस-काजूचं वाटण घालून सूनबाई भाकरीकडे वळली आणि पाच मिनिटांत वास आला. वाटण जड असतं, ते तळाशी बसतं, आणि पत्र्यासारख्या बुडावर जिथं ज्योत लागते तिथंच करपतं. तांबडा रस्सा असता तर कांदा-लसूण चटणीने थोडंफार झाकून नेलं असतं. पांढऱ्यात काहीच लपत नाही. रस्सा पिवळट पडला, करपट लागला, पोरगी रडायला लागली. तिचा हात कुठंच चुकला नव्हता.

स्टील दिसायला देखणं, पण उष्णता पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दहा पटींहून मागे. म्हणून नुसतं पातळ स्टील रस्सा, खीर, दूध यांच्या कामाचं नाही. बुडाशी अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर बसवलेलं, म्हणजे सँडविच बुडाचं पातेलं घ्या. पैसे असतील तर ट्रायप्लाय; त्यात तो थर काठापर्यंत असतो, त्यामुळे कडेलाही लागत नाही. मी बुडाच्या मधोमध अंगठा दाबून बघते. जरा जरी दबलं तर ते भांडं परत फळीवर. मग एकाच मापाची दोन भांडी दोन हातांत धरते आणि जड ते घेते. पाच पातळ भांड्यांच्या पैशात दोन जाड आली तरी दोनच आणा. बाकीची पुढच्या दिवाळीला.

चुंबक घेऊन दुकानात येणारेही भेटतात. चिकटलं नाही म्हणजे स्टील उत्तम, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०२ लाही ते चिकटत नाही. मग त्या चाचणीतून काय कळलं? चुंबक इंडक्शनसाठी न्या, तिथं बुडाला बाहेरून चिकटलंच पाहिजे. ग्रेड मात्र बिलावर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर मी सरळ पुढचं दुकान गाठते.

आता बीड, म्हणजे ओतीव लोखंड. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांवर कितीतरी घरं चालतात अशा या गावात बीड ठिसूळ असतं हे सांगावं लागू नये, पण लागतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोरीने नवा बिडाचा तवा आणला आणि त्याच दिवशी मोठ्या आचेवर आंबोळी टाकली. ती चिकटली. खरवडून निघेना म्हणून तापलेला तवा तसाच नळाखाली धरला. "आक्का, नुसतं पाणी सोडलो ओ मी, आणि ताडकन आवाज आला!" तव्याला आरपार तडा. गरम बिडावर गार पाणी पडलं की तेवढा भाग एकदम आकसतो, बाजूचा तापलेलाच राहतो, आणि बिडाला वाकणं माहीत नाही.

दोन्ही चुका घाईच्या. नवा तवा एकदा साबणाने धुवा, आचेवर कोरडा करा, शेंगतेलाचा हात फिरवा आणि फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. तेल जाड राहिलं तर चिकट थर बसतो. मग धूर थांबेपर्यंत तापवा आणि आपोआप गार होऊ द्या. मी हे रोज एकदा, असं पाच दिवस करते. त्यानंतर आठवडाभर त्यावर फक्त थालीपीठ, तेही तेल घालून. तापलेल्या तेलाचा कडक थर असाच हळूहळू चढतो. व्हिडिओत दहा मिनिटांत तवा तयार करून दाखवतात, त्यावर माझा विश्वास नाही. ज्यांना पाच दिवस थांबवत नाही त्यांनी बीड घेऊच नये.

नॉनस्टिकमध्ये चटणीचं खोबरं-तीळ कोरडे भाजू नका. साधारण २६० अंशांपुढे तो लेप खराब व्हायला लागतो.

चिंच, आमसूल, टोमॅटो अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं तर कळकणारच. आणि कल्हई म्हणजे कथिल, ते २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं कधी तापवायचं नाही.

कान नुसते डाग देऊन जोडलेले असतील तर ते भांडं सोडा, रिव्हेट मारलेले बघा.

कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक नसेल तर तो फुकट मिळाला तरी घरात आणू नका. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या. बूड फुगलेला जुना कुकर ठोकून सरळ करून वापरणारे मी पाहिलेत. तो मोडीत घाला, आजच.