मक्यातील तणनाशक : आधी साध्या पाण्याचा पंप मारून पाहा

मक्याची पेरणी झाल्यावर अ‍ॅट्राझीन या तणनाशकाचे माप अंदाजाने घेतले की अर्ध्या रानात तण तसेच राहते आणि कडेच्या ओळींना दुप्पट औषध पडते.

उपाय सोपा आहे. १६ लिटरच्या पंपात साधे पाणी भरावे, तणनाशकाचा कट नोझल (सपाट पट्ट्यात फवारा देणारे तोंड) लावावा आणि नेहमीच्या चालीने फवारत किती गुंठे क्षेत्र भिजते ते मोजावे. समजा अडीच गुंठे भिजले, तर एकराला १६ पंप लागतील. मग एकरी मात्रा ८०० ग्रॅम असल्यास प्रत्येक पंपात ५० ग्रॅम पावडर पडली पाहिजे. हलक्या जमिनीत मात्रा कमी लागते, म्हणून पुड्यावरील शिफारस वाचूनच आकडा ठरवावा. ही पावडर थेट पंपात टाकू नये; आधी मगभर पाण्यात कालवावी, नाहीतर ती तळाशी पांढरट गाळ होऊन बसते.

फवारणी पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, तण उगवण्यापूर्वी आणि जमिनीत ओल असतानाच करावी. फवारताना मागे मागे सरकावे, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाय पडत नाही. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते, पण दोन-तीन ओळींत सवय होते. दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर राखून पेरणी केली असेल, तर पट्टा चुकत नाही आणि पुढे कोळपेही सहज फिरते.

मक्यात उडीद, मूग किंवा सोयाबीनचे आंतरपीक असल्यास मात्र अ‍ॅट्राझीन अजिबात वापरू नये, कारण त्याने ही पिके जळतात. तेथे खुरपणीच करावी.