भाड्याच्या घरात झुरळं, वाळवी, गळती निघाली तर काय करायचं आणि खर्च कुणाच्या माथी

पुण्यात भाड्याने राहायला लागून मला अकरा वर्षं झाली, पाच घरं बदलली, आणि प्रत्येक घरात काही ना काही निघालंच. एकात झुरळं, एकात ढेकूण, आणि कर्वेनगरच्या घरात तर बेडरूमच्या दाराच्या चौकटीला वाळवी. तिथे जे शिकले ते सांगते, कारण आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि बरीच झोप वाचली असती.

चौकटीवर मातीची एक बारीक रेघ दिसली, पेन्सिलएवढी जाड, फरशीपासून वर गेलेली. मला वाटलं धूळ आहे, पुसून टाकली. दोन दिवसांनी तिथेच परत. मग चमच्याच्या दांड्याने ठोकून बघितलं तर वरच्या बाजूला टणक आवाज आणि खाली फूटभर पोकळ, बोटाने दाबलं तर पेंटची साल आत गेली आणि आतून ओलसर माती आणि पांढरे किडे. घरमालक काकांना फोन केला तर पहिलं वाक्य, "तुम्ही राहायला आलात तेव्हा तर काही नव्हतं, पाणी सांडत असाल." आता याला उत्तर काय देणार, पण माझ्याकडे सामान आत यायच्या आधी काढलेला व्हिडिओ होता आणि त्यात त्याच चौकटीच्या बाजूला भिंतीचे पोपडे स्पष्ट दिसत होते. तो पाठवला, आणि काकांचा सूर त्याच दिवशी बदलला.

म्हणून सगळ्यात आधी हे करा, घर ताब्यात घेताना रिकाम्या घराचा व्हिडिओ. हॉल आणि खिडकीतला व्ह्यू नको, सिंकच्या खालचं कपाट उघडून, ट्रॉल्या बाहेर ओढून, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून, लाकडी चौकटी ठोकून, माळ्यावर टॉर्च मारून. दहा मिनिटं लागतात. आणि तो नुसता फोनमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, "काका, चावी मिळाली, घराची आजची स्थिती पाठवतेय" एवढंच लिहा, वाईट कुणालाच वाटत नाही.

आता किड्यांचं. आधी नक्की कोण आहे ते ओळखा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आणि खर्च कुणाचा हेही त्यावरच ठरतं.

झुरळं मुख्यतः दोन जातींची येतात. मोठी लालसर ती बहुतेक ड्रेनेजमधून, नहाणीच्या जाळीतून वर येतात, तिथे जाळी बदलणं आणि रात्री जाळीवर झाकण ठेवणं हाच अर्धा इलाज. लहान, फिक्या तपकिरी रंगाची, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली, ती जर्मन झुरळं. ही घरातच वाढतात, ट्रॉलीच्या चॅनलमध्ये, फ्रिजच्या मोटरपाशी, मिक्सरच्या बुडाखाली. यांच्या एका अंड्याच्या पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात त्यामुळे एकदा मारून भागत नाही. यांच्यावर स्प्रे मारायची चूक मीही केली, स्प्रेने समोरची चार मरतात आणि बाकीची पळून पलीकडच्या खोलीत जातात. झुरळांनी खायचं औषधी जेल लावायचं, मुगाच्या डाळीएवढे ठिपके, बिजागऱ्यांपाशी, चॅनलच्या टोकांना, आणि त्यानंतर तिथे स्प्रे मारायचा नाही, फिनाइलने पुसायचं नाही, कारण त्या वासाने झुरळं जेल खातच नाहीत. खाल्लेलं झुरळ आत जाऊन मरतं, त्याला बाकीची खातात आणि तीही मरतात, असं ते काम चालतं. दोन आठवडे धीर धरा, मग दुसरा हात मारा.

पण त्याच्याही आधी चार ग्लू पॅड, म्हणजे झुरळं चिकटतात ते चिकट पुठ्ठे, आणा, मागे १ ते ४ आकडे लिहा आणि रात्री वेगवेगळ्या जागी ठेवा. सकाळी कळतं कुठून येताहेत. आमच्याकडे डक्टच्या, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या बाजूचा पॅड भरला होता आणि बाकीचे तीन जवळपास रिकामे, म्हणजे मूळ डक्टमध्ये, आमच्या किचनमध्ये नाही. त्या पॅडचा फोटो सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला आणि पूर्ण डक्टचं पेस्ट कंट्रोल सोसायटीच्या खर्चाने झालं. एकट्या फ्लॅटमध्ये कितीही जेल लावलं असतं तरी आठ दिवसांत पुन्हा तेच.

ढेकणांचं दुखणं वेगळंच, त्यात माणसाला लाज वाटते आणि तो गप्प बसतो. लाजू नका, ढेकूण स्वच्छ घरातही येतात, जुन्या फर्निचरमधून, प्रवासाच्या बॅगेतून, शेजारच्या फ्लॅटमधून वायरिंगच्या पाइपातून. गादीच्या शिवणीवर काळे बारीक ठिपके दिसले की समजा. चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात, ६० डिग्रीच्या सायकलवर धुवा. हॉलमध्ये झोपायला जाऊ नका, ते तुमच्या मागे हॉलमध्ये येतात. औषधाची फवारणी दोनदा लागते, मध्ये साधारण दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवून, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत आणि जो एकदाच मारून पैसे मागतो त्याला काम देऊ नका. बेड मालकाचा असेल आणि तुम्ही नुकतेच राहायला आला असाल तर लगेच कळवा, सहा महिन्यांनी कळवलंत तर ते तुम्हीच आणले असं होतं.

उंदरांसाठी विष ठेवायच्या आधी फट शोधा, एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट फॅनची जागा, सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे. बोट जाईल एवढ्या फटीतूनही ते येतात. तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावा, हे काम पाचशे-हजारात होतं. घरात विष ठेवलं की उंदीर ट्रॉलीच्या मागे मरतो आणि तो वास आठ दिवस जात नाही. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीमुळे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते, त्यामुळे लेंड्या झाडूने सुक्या झाडू नका, हातमोजे घालून, जंतुनाशक टाकून ओल्या फडक्याने पुसा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, धान्यात टाकायच्या त्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कुणालाही ठेवू देऊ नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद फ्लॅटमध्ये झोपेत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत.

पेस्ट कंट्रोलवाला बोलावताना लायसन्स विचारा, कीटकनाशक कायदा १९६८ खाली हा धंदा करायला लायसन्स लागतं. औषधाचा डबा बघायला मागा. त्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळा दिसला तर घरात फवारू देऊ नका. "हर्बल आहे मॅडम, काही होत नाही" यावर विश्वास ठेवू नका, नाव लिहून घ्या. आणि पक्कं बिल घ्या, ते पुढे लागणार आहे.

आता खर्च कुणाचा. माझा हिशोब असा आहे की जे भिंतीत, पाइपात, चौकटीत आहे किंवा तुम्ही यायच्या आधीचं आहे ते मालकाचं, म्हणजे वाळवी, ओल, कन्सील्ड म्हणजे भिंतीत लपवलेल्या पाइपची गळती, वायरिंग. जे आपल्या वापरातून होतं ते आपलं, नळाचा वॉशर, बल्ब, उघड्या डस्टबिनमुळे झालेली झुरळं. आणि डक्ट, ड्रेनेज, गच्ची, बाहेरची भिंत हे सोसायटीचं, आपल्याकडच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, हे लिहिलेलंच आहे की गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, कॉमन पाइपातून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल तर तो त्या फ्लॅटवाल्याचा खर्च. पण गंमत अशी की भाड्याने राहणारा सोसायटीचा मेंबर नसतो, तुमचा अर्ज बाजूला पडू शकतो, मेंबरच्या नावाने जायला हवा. काका म्हणाले मला वेळ नाही, मग मीच अर्ज लिहिला, फोटो जोडले, प्रिंट काढून त्यांच्या घरी घेऊन गेले, त्यांनी सही केली. पोच घ्यायला विसरू नका.

कायद्याबद्दल बरंच चुकीचं ऐकायला मिळतं म्हणून जरा नीट सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे की वेगळा करार नसेल तर घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि भाड्यातून वजा करावी, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे वाचून लोक लगेच भाडं कापायला निघतात. थांबा. आपल्यातल्या बहुतेकांचं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं, म्हणजे राहण्याच्या नुसत्या परवानगीचा करार, त्यात कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो, आणि कलम १४ भाडेकरूसाठी आहे. त्यामुळे आपल्याला तारतो तो आपला करार, त्यात काय लिहिलंय ते. तो मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट २०२१ पण लोक पुढे करतात, तो केंद्राने दिलेला नमुना आहे, राज्याने त्यावरून स्वतःचा कायदा केल्याशिवाय इथे चालत नाही. लायसन्सीच्या बाजूचं एक आहे, १८८२ चा इझमेंट्स अ‍ॅक्ट, कलम ५७, त्यात घरात धोकादायक दोष आहे हे देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल तर ते सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. भिंतीत करंट उतरतो, स्लॅबचे तुकडे पडतात अशा ठिकाणी हे सांगायला उपयोगी.

म्हणून सही करायच्या आधीच एक ओळ घालून घ्या, की वाळवी, गळती, ओल, कन्सील्ड पाइप आणि वायरिंगचा खर्च मालक करेल आणि कळवल्यापासून पंधरा दिवसांत करेल. एजंट म्हणेल फॉरमॅट फिक्स आहे, ऐकू नका, जादा अटी टाकता येतात. आणि करार रजिस्टर करायचाच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटराइज केलेला कागद म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे.

भांडण कसं टाळलं ते सांगते. मी काकांना जो मेसेज पाठवला तो असा होता:

"नमस्कार काका. बेडरूमच्या दाराची डावी चौकट खालून फूटभर पोकळ झाली आहे, वाळवी आहे. मागे बाथरूमची भिंत आहे, तिला ओल लागते. आज १२ जुलै, फोटो पाठवतेय. शनिवारी किंवा रविवारी प्लंबर आणि पेस्ट कंट्रोलवाला दोघांना बोलावता येईल, मी घरी थांबते. तुम्हाला कोणता दिवस चालेल?"

यात आरोप नाही, कुणाची चूक ते नाही, आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याला उत्तर द्यावंच लागतं. फोनवर बोलणं झालं तर लगेच खाली लिहा, "आत्ता बोलल्याप्रमाणे रविवारी प्लंबर येतोय, खर्च पुढच्या भाड्यातून वजा". त्यावर त्यांचा नुसता ओके आला तरी पुरे. तो ओके आल्याशिवाय स्वतःच्या खिशातून मोठं काम करू नका, नंतर "मला विचारलं होतं का" असं होतं. आणि रागाने भाडं थांबवू नका, भाडं थांबलं की पहिल्या मिनिटाला चूक तुमची होते, बाकीचं सगळं मागे पडतं. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा आणि जुना फोन फॉरमॅट करू नका, कोर्टात चॅट दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पंधरा दिवस गेले, दोन आठवणी दिल्या, तरी काही नाही, तर साध्या मराठीत एक पानाचं पत्र लिहा, तारखा घालून, फोटो जोडून, स्पीड पोस्टाने करारातल्या पत्त्यावर. वकिलाची नोटीस त्याच्या नंतर. बऱ्याच वेळा पोस्टमन दारात आला की घरातली बाकी मंडळी वाचतात आणि काम होतं.

आमच्या भिंतीत शेवटी गीझरच्या पाइपचा एल्बो गळत निघाला, प्लंबरने दोन टाइल फोडल्या तर आतली वीट हाताने चुरडत होती. आधी गळती बंद केली, भिंत महिनाभर सुकू दिली, मग वाळवीवाल्याने कडेने भोकं पाडून औषध भरलं आणि लेखी एक वर्षाची वॉरंटी दिली, मग चौकट बदलली. हाच क्रम ठेवा. ओल तशीच ठेवून औषध मारलं तर वाळवी परत येते.

घर सोडताना डिपॉझिटमधून "पेस्ट कंट्रोल आणि डागडुजी" म्हणून पैसे कापायला निघतात, तेव्हा सुरुवातीचा व्हिडिओ काढा आणि त्याच क्रमाने नवीन व्हिडिओ करा, तीच कपाटं, त्याच चौकटी. वीज मीटरचा फोटो घ्या. दुरुस्तीची सगळी बिलं एका पाकिटात घालून दाखवा, आणि कापायचं असेल तर बिल द्या म्हणून शांतपणे सांगा. चावी देताना लिहून पाठवा, "काका, आज चावी दिली, डिपॉझिट कधी जमा होईल?"