स्वस्त मॉनिटरमधून खरा आवाज काढायचा तं आधी खोलीकडं पाहा

राजेहो, आपल्याकडं आता कितीतरी पोरं घरीच भजनं नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी रेकॉर्ड करतात, अन् विचारतात एवढंच की मॉनिटर, म्हणजे मिक्स तपासायचा स्पीकर, कोणता घेऊ. पाच इंची यामाहा एचएस५ घ्या की जेबीएल ३०५, मांडणी चुकली तं दोन्ही चुकीचंच ऐकवतील, म्हणून आधी टेबल हलवा, त्याले रुपयाही लागत नाही.

समजा खोली १० बाय १२ फूट. टेबल १० फुटाच्या भिंतीले मधोमध लावा, कोपऱ्यात नको. बसायचं टेबल लावलेल्या भिंतीपासून साडेचार फुटाच्या आसपास. खोलीच्या बरोब्बर मधात, ६ फुटावर, बसू नका, कारण १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा बेस भिंतींपाशी घुमते अन् मधात गायब होते, मंग तिथं बसून माणूस बेस वाढवतच जाते अन् बाहेर ऐकलं की नुसता धबधबाट.

दोन्ही स्पीकर अन् तुमचं डोकं, तिघांत सारखं अंतर, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा) कानाच्या उंचीवर. भिंतीपासून दूर ठेवा असं सगळेच सांगतात, पण छोट्या खोलीत दोन फूट पुढं आणले तं स्पीकरमागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज १४० हर्ट्झपाशी सरळ आवाजाले कापते, अन् ढोलकीच्या धुमेचं वजन त्याच भागात असते. मी म्हणतो मागं चार-सहा इंच सोडा अन् भिंतीमुळं वाढलेला बेस स्पीकरच्या मागच्या स्विचनं उतरवा, एचएस५ वर रूम कंट्रोल नावाचा -२ अन् -४ डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) असाच स्विच असते.

अंड्याचे ट्रे चिकटवू नका, बेसवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. आपल्याकडं कापूस आहे ना! गादीवाल्याकडून सहा इंच जाड, सैल भरलेल्या गाद्या करून घ्या, चौकटीत उभ्या बसवा, मागं चार इंच मोकळे ठेवा. बाजूच्या भिंतीवर कोणाले आरसा सरकवत न्यायले सांगा, खुर्चीतून ट्वीटर दिसला की तिथं एक गादी, तसंच दुसऱ्या भिंतीवर. उरलेल्या जाड गाद्या कोपऱ्यांत, खालून वरपर्यंत. कापूस पेटते, म्हणून बोर्ड अन् वायरपासून दूरच ठेवा, यात हयगय अजिबात नको. वर टिन असन तं डोक्यावरही एक गादी टांगा अन् थरथरणारे पत्रे आवळून घ्या.

मंग फोन मॉनिटरले जोडून त्यातल्या टोन जनरेटर अ‍ॅपवरून ४० ते १५० हर्ट्झपर्यंत एकाच व्हॉल्यूमवर हळूहळू वर जा, कुठं फुगते कुठं बुडते ते लिहून ठेवा. फुगलेलं इक्यूनं (ठरावीक सुराचा आवाज कमी-जास्त करायची सोय) तीन-चार डीबी खाली घ्या. बुडालेलं वाढवू नका, जेवढं वाढवाल तेवढंच भिंतीवरून परत येऊन त्याले खाते, त्यापेक्षा खुर्ची सहा इंच मागंपुढं करा. मोजायचंच असन तं रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मोजमापाचा माइक घ्या, फोनच्या माइकवर बेससाठी भरवसा नको.

कूलर चालू ठेवून मिक्स करू नका, मे महिन्यात पहाटेच बसा. घूं असा हम येत असन तं बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर कापणारी तीन तारांची केबल) वापरा, इंटरफेस (कॉम्प्युटर अन् मॉनिटर जोडणारा डबा) अन् दोन्ही मॉनिटर एकाच बोर्डावर घ्या, पण अर्थिंगची पिन कधीच तोडू नका. अन् लाइन गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घरघर वाढली तं मिक्स थांबवा, लाइन आल्यावर करा.